वाचकांचे प्रश्न : खाली गेलेलं क्लच पेडल वर का येत नाही?

या वेळच्या टपालात क्लचची चार पत्रं आहेत. पाऊस सुरू झाला की ही पत्रं वाढतात, दरवर्षीचा अनुभव आहे. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे. एकतर त्यात गाडीपेक्षा माणसाची काळजी जास्त आहे. दुसरं म्हणजे असं काम आमच्या गॅरेजच्या धंद्यात वारंवार चुकतं, आणि त्याचा भुर्दंड गाडीवाल्याला बसतो.

प्रश्न : माझी २०११ची अल्टो आहे. मी शिक्षिका असून खेडहून चिपळूणला रोज स्वतः गाडी चालवत जाते. जूनपासून क्लचचं पेडल दाबलं की अर्ध्यावर अडकतं. पायाचा अंगठा खाली घालून उचललं की वर येतं. गेल्या सहा-सात महिन्यांत पेडल जडही झालं आहे, संध्याकाळी डावा गुडघा दुखतो. दाबताना पायाशी करकर आवाज येतो. गिअर मात्र व्यवस्थित पडतात. गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बदलायला सांगितला आहे. तोपर्यंत सोय म्हणून माझ्या यजमानांनी पेडलला सुतळी बांधून दिली आहे, ती ओढून मी पेडल वर घेते. सेट बदलू का?
— एक शिक्षिका, खेड

उत्तर : बाई, सगळ्यात आधी ती सुतळी सोडा. हा अंक हातात पडेल त्याच दिवशी सोडा. यजमानांनी काळजीपोटीच बांधली असणार, पण परशुराम घाटाच्या वळणावर एक हात सुतळीला गेला की स्टिअरिंगवर एकच हात उरतो, आणि सुतळीचा फास ब्रेकच्या पेडलला अडकला तर ब्रेकही हातचा जाईल.

पेडल खाली राहिलं म्हणजे इंजिन आणि चाकं एकमेकांपासून सुटलेली असतात. उतारावर गिअरमध्ये असलेली गाडी इंजिन धरून ठेवतं, तो धर तेव्हा मिळत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यासारखी मोकळी धावते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. उतारावर असं झालं तर पहिला पाय ब्रेकवर. मग डाव्या पायाच्या अंगठ्यानं पेडल उचलून बघा. नाही आलं तर डावीकडे घेऊन थांबा, हँडब्रेक ओढा, चारी दिवे लावा. चालत्या गाडीत वाकून हातानं पेडल उचलायला जाऊ नका आणि इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की थोड्याच वेळात ब्रेक लाकडासारखा कडक होतो.

आणखी एक. सिग्नलला किंवा शाळेच्या फाटकाशी पहिला गिअर टाकून, पेडल दाबून उभ्या राहू नका. अडकलेलं पेडल कधीकधी आपोआप सुटून झटक्यात वर येतं आणि गाडी पुढे उडी मारते. तुमच्या गाडीपुढून मुलं जातात. थांबलात की न्यूट्रल आणि हँडब्रेक.

आता दुखण्याकडे वळू.

पेडल दाबायचं काम आपला पाय करतो, ते वर आणायचं काम मात्र पायाशी नसलेली वस्तू करते. पार आत, गिअरबॉक्सच्या तोंडाशी, क्लच प्लेटला इंजिनाच्या चाकावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट असते आणि तिच्यात ताटलीसारखी एक जाड स्प्रिंग असते. आपण दाबतो तेव्हा ती वाकते, सोडतो तेव्हा सरळ होते आणि सरळ होताना बेअरिंग, त्याला सरकवणारा फोर्क, बाहेरची दांडी, केबल या सगळ्यांना मागे ढकलत पेडल वर पाठवते. विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. रिकामी कळशी आपल्या वजनानं दोरी खाली ओढून नेते. कळशी खाली जात नसेल तर दोन शक्यता असतात : एकतर कळशीच कुठे टेकली, नाहीतर चाकाचा आस कोरडा पडून दोरी अडली. तुमच्या गाडीत स्प्रिंग ही कळशी आणि केबल ही दोरी. गॅरेजवाल्यांनी दोरीला हात न लावता विहिरीत उतरायचं ठरवलं आहे.

तुमच्या पत्रातल्या चार खुणा मी वहीत लिहून काढल्या. पेडल हळूहळू जड होत गेलं. अडकणं पावसाबरोबर सुरू झालं. करकर पायाशी ऐकू येते. आणि पेडल तळाला न जाता अर्ध्यावर थांबतं. या चारही खुणा केबलकडे बोट दाखवतात. केबल म्हणजे बाहेर आवरण आणि आत पिळाची पोलादी तार. वरचं रबरी टोपण फाटलं की पावसाचं पाणी आत जातं, तारेला गंज धरतो, पिळातला एखादा धागा तुटून उभा राहतो आणि आवरणाला आतून खरवडत राहतो. धागा टोचतो त्या जागी पेडल थांबतं.

तरी पत्रावरून निकाल द्यायचा नाही हा माझा नियम आहे. म्हणून एक चाचणी सांगतो. ती गॅरेजमध्ये, तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे.

गाडी सपाट जागी, इंजिन बंद आणि थंड, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. बॉनेट उघडलं की गिअरबॉक्समधून बाहेर आलेली एक छोटी लोखंडी दांडी दिसेल. केबलचं आटे पाडलेलं टोक नटानं तिला जोडलेलं असतं. नट सोडण्याआधी त्याच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजायला सांगा, किंवा तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. परत बसवताना उपयोगी पडतो. मग केबल दांडीपासून सुटी करायची.

इथे गाडीचे दोन भाग झाले. पेडल आणि केबल एकीकडे, गिअरबॉक्सच्या आतलं सगळं दुसरीकडे.

आधी केबल बघा. एकानं खाली पेडल हातानं हलवायचं, दुसऱ्यानं बॉनेटखाली तारेचं टोक पकडीत धरून ओढायचं. तार आवरणातून दोन्ही दिशांना लोण्यासारखी सरकली पाहिजे. मध्ये कुठे खरखर लागली, अडली, किंवा ओढलेली तार आहे तिथेच बसून राहिली, तर चोर सापडला. नंतर पेडल एकटं वर-खाली करून बघा. पेडल ज्या पिनेवर फिरतं तिथलं प्लास्टिकचं बुश झिजलं किंवा चिखलानं भरलं तरी करकर येते. अल्टोसारख्या गाडीत ओल्या चपलांचं पाणी वर्षानुवर्षं तिथे जात असतं.

मग दांडी. हातानं हलवली तर सुरुवातीला थोडी सैल लागेल, पुढे घट्ट होईल. त्या घट्ट टप्प्यात मेकॅनिकनं पाइप लावून ती क्लच दबेल इतकी रेटायची आणि हळूच सोडायची. ती ताकदीनं मागे आली पाहिजे. मागे आली तर आतली स्प्रिंग, बेअरिंग, फोर्क सगळं आपलं काम करतंय, गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. रेटलेल्या जागीच राहिली किंवा रडतखडत आली, तर दोष आत आहे : फोर्कच्या दांडीची बुशं कोरडी पडली असतील, बेअरिंग आपल्या नळीवर अडकत असेल, किंवा स्प्रिंगची बोटं झिजली असतील. तेव्हा मात्र गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर आणि सेट बदलायला तयार व्हा.

क्लच प्लेट उरली आहे की संपली, हे तुम्ही स्वतः घाटात बघू शकता. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानानं पळत नाही, जळका वास येतो, असं असेल तर प्लेट सरकते आहे. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

मी इतकं तळमळून लिहितोय त्याला कारण आहे. १९९८ साली माझ्या कराडच्या गॅरेजमध्ये एका डॉक्टरांची मारुती ८०० आली होती, तक्रार हीच. मी केबल न सोडता थेट गिअरबॉक्स उतरवला, पूर्ण सेट घातला, गाडी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी परत दारात, पेडल तसंच अर्ध्यावर. केबल एक्झॉस्टला घासून तिचं आवरण एका जागी वितळलं होतं, तार तिथे चिकटत होती. मजुरी मी परत दिली. पण सुट्या भागांचे पैसे डॉक्टरांचेच गेले, आणि काढलेल्या प्लेटवर निम्म्याहून जास्त जाडी शिल्लक होती. ती प्लेट आजही माझ्या गॅरेजच्या भिंतीवर टांगलेली आहे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी कसा जातो, ते नव्या पोराला दाखवायला उपयोगी पडते. तेव्हापासून केबल सोडून बघितल्याशिवाय माझ्याकडे क्लचसाठी गिअरबॉक्स उतरत नाही.

केबलच निघाली तर नवीन घाला. ती शेकड्यांत येते, सेट हजारांत जातो. जुनीत तेल ओतून चालवू नका. आतून प्लास्टिकची नळी असलेल्या केबलला तेल चालत नाही, धूळ धरून ती आणखी जड होते. नवीन केबल जुनीच्याच वाटेनं, त्याच क्लिपांमधून गेली पाहिजे. एखादं वळण जास्त झालं तरी पेडल जड होतं. शेवटी मोकळी चाल बघून घ्या : पेडल बोटानं दाबलं की वजन लागायच्या आधी ते थोडं सैल जातं, ती चाल. बऱ्याच केबलवाल्या गाड्यांत ती साधारण १५ ते २५ मिलिमीटर असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातून घ्या. ही चाल अजिबात ठेवली नाही तर बेअरिंग सतत फिरत राहतं आणि चांगली प्लेटही सरकायला लागते.

गुडघ्याचं म्हणाल तर पेडल हलकं झाल्यावर पंधरा दिवसांत फरक पडायला हवा. काय झालं ते मला जरूर कळवा.

प्रश्न : माझी टुरिस्ट इनोव्हा आहे, जुनी अडीच लिटर डिझेल. कोल्हापूर-रत्नागिरी भाडी असतात. आंबा घाटात ट्रॅफिक लागलं की क्लच पेडल पोकळ होतं आणि खालीच राहतं. दोन-तीनदा मारलं की येतं. सकाळी गाडी एकदम ठीक. दर पंधरा दिवसांनी बाटलीत थोडं ऑइल घालावं लागतं. एका मित्रानं केबल टाइट करायला सांगितलं आहे.
— एक वाहनचालक, कोल्हापूर

उत्तर : दादा, तुमच्या गाडीत केबल नाहीच. तिथे ब्रेकसारखं ऑइलचं काम आहे. पेडलच्या मागे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सवर स्लेव्ह सिलिंडर, मध्ये नळी. तुम्ही मास्टर दाबता, ऑइल स्लेव्हला ढकलतं, स्लेव्ह फोर्कला. वर येताना तीच साखळी उलटी चालते. मध्ये कुठे ऑइल निसटलं किंवा हवा शिरली की तुमचा दाब फोर्कपर्यंत पोचतच नाही, मग तिकडून परतीचा रेटा कुठून येणार? म्हणून पेडल खाली पडून राहतं. दोन-तीनदा मारल्यावर बाटलीतून नवं ऑइल ओढलं जातं आणि तेवढ्यापुरतं काम होतं.

तुमच्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत मिसळली आहेत.

पहिलं गळतीचं. बंद सिस्टिममध्ये ऑइल संपत नाही. पंधरा दिवसांनी भरावं लागतंय म्हणजे ते कुठेतरी बाहेर येतंय. दोन जागा बघा. ड्रायव्हरच्या पायाशी, पेडलची दांडी मास्टरमध्ये शिरते तिथे बोट फिरवा. ओलं लागलं, तिथला रंग उचकटला असेल, कार्पेट चिकट असेल तर मास्टरचं वॉशर गेलं. मग खाली स्लेव्हच्या टोकावरचं रबरी टोपण जरा दुमडा. आतून ऑइल ओघळलं तर स्लेव्ह गेला. एकाची वॉशरं वयानं गेली असतील तर दुसऱ्याचीही गेल्यात जमा, दोन्हीकडे नव्या वॉशरांचं किट टाका. पण किट टाकण्याआधी सिलिंडरच्या आतून बोट फिरवायला सांगा. खड्डे पडले असतील तर नवं वॉशर महिन्याभरात कापलं जाईल, अशा वेळी सिलिंडरच बदलावा.

दुसरं दुखणं उष्णतेचं. तुमच्या क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण मुरलेल्या पाण्यासकट ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात रांगेत तुम्ही हाफ क्लचवर गाडी धरता, क्लच तापतो, जवळचा स्लेव्ह तापतो, पाणी मुरलेल्या ऑइलची वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पेडल पोकळ लागतं ते त्यामुळे. रात्रीत सगळं थंड होतं आणि सकाळी मेकॅनिकला दाखवायला काही उरत नाही. बाटलीतलं ऑइल काळसर चहासारखं झालं असेल तर हेच घडतंय. सगळं काढून नवं भरा, आणि पुढे दर दोन वर्षांनी बदला. टोपणावर जो दर्जा लिहिला आहे तोच घ्या. घाईच्या वेळी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल थेंबभरही घालू नका. सगळी वॉशरं फुगतात आणि पूर्ण लाइन खोलावी लागते.

हवा काढायला दोन माणसं लागतात. स्लेव्हच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या तोंडाला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. पेडल दाबून धरायचं, निपल उघडायचं, बंद करायचं, आणि मगच पेडल हातानं वर आणायचं. हा क्रम चुकला की काढलेली हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत करा आणि वरची बाटली एकदाही रिकामी होऊ देऊ नका.

हे सगळं करूनही पेडल हळू वर येत असेल तर रबरी नळीवर संशय घ्या. जुनी नळी आतून फुगते : जोरात दाबलेलं ऑइल पुढे जातं, परतीचं अडतं. पेडल दाबून सोडल्यावर स्लेव्हची दांडी बाहेरच राहिली, तर निपल थोडं उघडून बघा. ऑइलची चिळकांडी उडून दांडी आत गेली तर अडथळा वरच्या बाजूला आहे, नळीत किंवा मास्टरमध्ये. नाही गेली तर स्लेव्ह किंवा फोर्क जाम आहे.

क्लचला वेगळी बाटली नसेल आणि ब्रेकच्याच बाटलीतून ऑइल येत असेल, तर हे काम पुढच्या भाड्याआधी करा. एका भाड्याचे पैसे बुडाले तरी चालतील, मागच्या सीटवर कुणाचं तरी कुटुंब बसलेलं असतं. आणि घाटातल्या रांगेत गाडी हँडब्रेकवर धरा, हाफ क्लचवर नाही.

प्रश्न : नवीन गाडी, तीन हजार किलोमीटर. परवापासून क्लच पेडल कधीकधी खाली चिकटल्यासारखं होतं. वॉरंटीत दाखवू का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : दाखवाच, पण आधी पायाखाली बघा. परवाच पावसाळ्यासाठी जाड रबरी मॅट टाकली का? मॅटवर मॅट असेल, किंवा मॅटची कड पेडलमागे वर चढली असेल तर पेडल तिच्यात रुततं. ड्रायव्हरकडची मॅट पूर्ण काढून दोन दिवस चालवा. फरक पडला तर खाली खिट्टीत अडकणारी, त्याच गाडीच्या मापाची मॅट घ्या. सरकणारी मॅट अ‍ॅक्सिलरेटरवरही चढते. पाण्याची बाटली सीटखाली ठेवायची सवय असेल तर तीही आज काढा.

प्रश्न : आम्ही दोघं मुलाकडे मुंबईला साडेतीन महिने होतो. गाडी अंगणात, वर फक्त ताडपत्री. आता सुरू होते, क्लच पेडल नेहमीसारखं खाली जातं, वर येतं, पण इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नाही. बंद असताना सगळे पडतात. माझं वय ७१.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : काका, तुमचं पेडल अडकलेलं नाही, आतली क्लच प्लेट अडकलेली आहे. समुद्राकाठची खारी ओल, साडेतीन महिने एकाच जागी, त्यामुळे प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, गंजानं धरून बसली. तुम्ही पेडल दाबता तेव्हा प्रेशर प्लेट मागे सरते, पण प्लेट फ्लायव्हील सोडत नाही. तरी क्लचची केबल सैल पडलेली नाही ना, किंवा बाटलीतलं ऑइल उतरलेलं नाही ना, एवढं आधी बघून घ्या. त्यातही गिअर असेच अडतात.

इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवून गरम होऊ द्या, उघड्यावर, बंद शेडमध्ये नाही. मग बंद करा, क्लच पूर्ण दाबून खाली अडकेल अशी लाकडी फळी पेडल आणि सीट यांच्यामध्ये लावा आणि रात्रभर तसंच राहू द्या. हँडब्रेक आणि चाकाला दगड हवाच. बऱ्याचदा सकाळी प्लेट सुटलेली असते.

नाही सुटली तर पुढचा उपाय आहे, पण तो तुम्ही करू नका. मोकळ्या मैदानात दुसऱ्या गिअरमध्येच गाडी स्टार्ट करून, क्लच दाबलेला ठेवून ब्रेकचे झटके द्यायचे असतात. गाडी सुरू होताक्षणी पळते. हे काम ओळखीच्या मेकॅनिककडून, समोर पन्नास-साठ मीटर रिकामी जागा असेल तिथेच करून घ्या. तुमच्या अंगणात तर मुळीच नको, समोर तुळशीवृंदावन असेल, कुणी बसलेलं असेल.

पुढच्या वेळी मुंबईला निघताना चावी शेजाऱ्यांकडे ठेवून जा. पंधरा दिवसांतून एकदा त्यांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली, चार गिअर बदलले की पुरे.